कुलपातली खोट विकली कोणाला?

कुलपात खोट सापडली तर प्रामाणिक माणूस ती कुलूप करणाऱ्याला सांगतो. दलाल ती विकतो. सॉफ्टवेअरच्या बाजारातही हेच चालते. २०१९ साली व्हॉट्सॲपच्या कॉलमधील अशाच खोटीतून इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगॅससने सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केले. फोन उचलण्याचीही गरज नव्हती. आपल्याला तसा इशारा मिळाल्याचे आनंद तेलतुंबडे यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले. कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारी यंत्रणांनाच विकतो. मग हे गिऱ्हाईक कोण? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. खोट लपवून विकणे हा त्याच हक्काचा लिलाव होय. खोट सांगणाऱ्याला कायद्याचे संरक्षण द्या आणि विकत घेणाऱ्याचा हिशेब संसदेपुढे मांडा, ही आमची मागणी आहे. बाबासाहेबांनी दिलेले संविधान पहारेकऱ्यालाही जाब विचारते!