रिकाम्या दिवसाचे शहर

परगावचा मनुष्य मुंबईस येतो तो बहुधा कामासाठी. मंत्रालयात अडलेली फाईल असते, विद्यापीठातून न्यावयाचा एखादा दाखला असतो. काम दुपारपूर्वीच आटोपते किंवा ‘उद्या या’ असे उत्तर मिळते, आणि परतीची गाडी तर रात्रीची असते. हाती दिवस उरतो, खिशात मात्र बेताचेच पैसे. अशा पाहुण्याला शहर कसे वागविते, यावरून त्याच्या नागर संस्कृतीची परीक्षा व्हावी.

या परीक्षेत दक्षिण मुंबई बऱ्याच अंशी उतरते. १८८८ मध्ये पुरी झालेली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत बाहेरून मनसोक्त न्याहाळावयास तिकीट पडत नाही. तेथून पायी हुतात्मा चौकात यावे, संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचणाऱ्यांच्या स्मारकापुढे क्षणभर थांबावे आणि काळा घोड्याकडे वळून १९५२ पासून रसिकांचे स्वागत करणाऱ्या जहांगीर कलादालनातील चित्रे विनामूल्य पाहावीत. पुढे ओव्हल मैदान लागते. त्याच्या पूर्वेस १८७८ चा राजाबाई मनोरा, तर पश्चिमेस आर्ट डेको शैलीतील घरांची रांग आहे. या वास्तुसमूहास २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान लाभला. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून सूर्यास्त पाहावा. तेथेही कोणी भाडे मागत नाही.

ही मोकळीक मुळात कोणाच्या औदार्यातून आलेली नव्हे. किल्ल्यावरील तोफांचा मारा अडू नये म्हणून तटाबाहेरची जमीन इंग्रजांनी मोकळी ठेविली होती. १८६० च्या दशकात तट पाडला गेला, काही जमिनीवर इमारती उठल्या, आणि उरली त्यावर आजची मैदाने आहेत. युद्धाच्या गरजेने राखलेली जागा अशा रीतीने लोकांच्या विसाव्याला आली.

तथापि केवळ मैदानाने पाहुणचार पुरा होत नाही. चालावयास सलग पदपथ, बसावयास सावलीतील बाक, प्यावयास पाणी आणि स्वच्छ शौचालय ही त्याची प्राथमिक अंगे होत. दानशूर नागरिकांनी एके काळी मुंबईत दगडी पाणपोया बांधल्या. त्यांतील कित्येक आज कोरड्या आहेत. स्त्रियांची अडचण तर अधिक बिकट. शौचालय कोठे मिळेल या धास्तीने ज्या स्त्रीला दिवसभर पाणी पिणे टाळावे लागते, तिला रमतगमत हिंडण्याचे सुख कोठून मिळणार? यासाठी २०११ पासून मुंबईतील महिला कार्यकर्त्यांना मोहीम चालवावी लागली, ही गोष्ट नगरशासनास भूषणावह नाही.

निरुद्देश हिंडणे ही श्रीमंतांची चैन आहे, असा एक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. श्रीमंताला विसाव्यासाठी हॉटेलची खोली असते; गरीब पाहुण्याची बैठक रस्त्याकाठीच असते. म्हणून बाक, पाणपोई आणि शौचालय यांवरील खर्च हा सुशोभीकरणाच्या नव्हे, तर मूलभूत नागरी सेवांच्या खात्यावर मांडला गेला पाहिजे.