मुकादमाची वही

मृत्युपत्र करायला मालमत्ता लागते. आमच्या घराण्यात ते कुठून सापडणार? आमचे पूर्वज शोधायचे तर मालकाचेच दप्तर उघडावे लागते. १८३४ ते १९१० या काळात हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर उसासाठी मॉरिशसला नेले गेले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचा क्रमांक, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरील खूण मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील नोंदवह्यांत आहे. बायकांनाही स्वतंत्र क्रमांक. जात समुद्रापार गेली ती अशी, शाईने! पण त्याच नोंदीवरून तिथला पणतू आज आपले गाव शोधतो. बीडचा ऊसतोड कामगार मात्र मुकादमाच्या वहीत निव्वळ 'कोयता' असतो, नवरा-बायको मिळून एक. माझ्या आजोबांची उचल त्या वहीत होती. आजीचे नाव नव्हते.