कोशिकांगके

कोशिकांगके : वनस्पती व प्राणी यांच्या कोशिकांच्या (पेशींच्या) अंतर्भागात आढळणाऱ्या, निश्चित संरचना व ठरावीक कार्य असणाऱ्या सूक्ष्म घटकांना ‘कोशिकांगके’ म्हणतात. शरीरात ज्याप्रमाणे हृदय, यकृत, वृक्क (मूत्रपिंड) इ. अवयवांमध्ये श्रमविभागणी झालेली असते, त्याचप्रमाणे कोशिकेतही ऊर्जानिर्मिती, प्रथिननिर्मिती, साठवण, पचन, उत्सर्जन ही कार्ये निरनिराळ्या कोशिकांगकांकडे सोपविलेली असतात. बहुतेक कोशिका नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्राणिकोशिकांचा व्यास सामान्यतः १० ते ३० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिमी.चा हजारावा भाग) असतो, वनस्पतींच्या कोशिका बहुधा याहून मोठ्या असतात. या नियमाला एक ठळक अपवाद कपाशीच्या बोंडात सापडतो. रुईचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या बाह्यत्वचेतील एकच लांबलेली कोशिका होय. तिची लांबी सु. २·५ ते ३ सेंमी. भरते, म्हणजे जाडीच्या हजार पटींहून अधिक असते.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हा प्रदेश वऱ्हाडच्या जुन्या कापूसपट्ट्यातील असून कपाशी, सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख खरीप पिके आहेत. शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून आहे. प्रस्तुत नोंदीत कोशिकांगकांचे वर्णन करताना शक्य तेथे या पिकांची व त्यांवरील किडींची उदाहरणे घेतली आहेत. कारण पिकाची प्रत, तणनाशकाचा परिणाम व किडीची प्रतिकारशक्ती या तिन्ही गोष्टींचा उलगडा अखेरीस कोशिकेतच होतो.

इतिहास : रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले, ते मृत कोशिकांचे केवळ आवरण होते. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये आमरांच्या (ऑर्किडांच्या) कोशिकांत प्रकल असल्याचे दाखविले. एम्. जे. श्लायडेन (१८३८) व टेओडोर श्वान (१८३९) यांनी अनुक्रमे वनस्पती व प्राणी यांची शरीरे कोशिकांची बनलेली असतात, हा सिद्धांत मांडला. १८९८ मध्ये कामील्लो गॉल्जी यांनी तंत्रिका कोशिकांत (मज्जापेशींत) एक जाळीदार पिंड पाहिला. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा १९३० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ओलांडली व आल्बेअर क्लोद, क्रिस्त्यां द द्यूव्ह आणि जॉर्ज पलाडे यांनी कोशिकांगकांची सूक्ष्म संरचना उघड केली. या कार्याबद्दल त्यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोशिकापटल व कोशिकाभित्ती : प्रत्येक कोशिकेभोवती मेदद्रव्यांच्या दुहेरी थराचे व त्यात रुतलेल्या प्रथिनांचे, सु. ७ ते १० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मायक्रोमीटरचा हजारावा भाग) जाडीचे पटल असते. कोणते पदार्थ आत घ्यावयाचे व कोणते बाहेर ठेवावयाचे, हे ते ठरविते. वनस्पतींत या पटलाबाहेर सेल्युलोजाची ताठ भित्ती असते. प्राण्यांत ती नसते. दोहोंतील हा सर्वांत महत्त्वाचा फरक होय. कपाशीच्या तंतूत फुलोऱ्यानंतर सु. तीन आठवडे लांबी वाढते व त्या सुमारासच भित्तीच्या आतील बाजूस सेल्युलोजाचे थरावर थर बसू लागतात. पटलात रुतलेली, फुलासारखी दिसणारी प्रथिनसंकुले सेल्युलोजाचे धागे विणतात. पक्व तंतूचा ९० टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजाचा असतो. बोंड फुटले की कोशिका सुकून मरते, तिची नळी चपटी होऊन तिला पीळ पडतो आणि या पिळामुळेच तंतू एकमेकांत गुंतून सूत काढता येते. आपण नेसतो ते सुती वस्त्र म्हणजे मृत कोशिकांच्या भित्ती होत.

रिक्तिका : वनस्पतीच्या पक्व कोशिकेचा बहुतेक भाग पाणी, लवणे, शर्करा व कार्बनी अम्ले यांच्या विद्रावाने भरलेल्या एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असतो. या विद्रावामुळे पाणी आत ओढले जाऊन जो दाब निर्माण होतो, त्यावर पानांचा ताठपणा अवलंबून असतो. प्राणिकोशिकांतील रिक्तिका लहान व तात्पुरत्या असतात. कपाशीचा कोवळा तंतू रिक्तिकेच्या या दाबानेच लांबतो. त्यासाठी पोटॅशियम व मॅलिक अम्लाची लवणे तीत साठविली जातात. बोंडे वाढत असताना पावसाने ओढ दिली, तर दाब पुरेसा राहत नाही व धागा आखूड राहतो. खंड नंतरच्या अवस्थेत पडला, तर भित्ती पातळ राहून धागा अपक्व व कमकुवत होतो. कोरडवाहू शेतातील एकाच झाडाच्या पहिल्या व शेवटच्या वेचणीच्या कापसाची प्रत वेगळी का ठरते, याचे एक कारण यात आहे. सोयाबीनच्या दाण्यातील सु. ४० टक्के प्रथिन रिक्तिकांपासून बनलेल्या प्रथिनपुटिकांत, तर सु. २० टक्के तेल आंतर्द्रव्य जालिकेपासून सुटलेल्या सूक्ष्म तेलबिंदूंत साठविलेले असते.

प्रकल (केंद्रक) : दुहेरी पटलाने वेढलेल्या या गोलसर पुंजात रंगसूत्रे असतात. त्यांवरील जनुकांत (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या घटकांत) कोशिकेने कोणती प्रथिने तयार करावयाची, याची माहिती असते. देशी कपाशीच्या (गॉसिपियम आर्बोरियम) कोशिकेत २६, तर अमेरिकन कपाशीच्या (गॉसिपियम हिर्सुटम) कोशिकेत ५२ रंगसूत्रे असतात. म्हणूनच या दोहोंचा साधा संकर ३९ रंगसूत्रांचा व बहुधा वंध्य निपजतो. कोशिका-विभाजनाच्या वेळी सूक्ष्मनलिकांची तर्कू रंगसूत्रांना दोन ध्रुवांकडे ओढते. प्राणिकोशिकांत या तर्कूच्या टोकांशी तारककेंद्रे असतात. उच्च वनस्पतींत ती नसतात.

रिबोसोम, आंतर्द्रव्य जालिका व गॉल्जी पिंड : जनुकातील माहितीची प्रत प्रकलातून परिकलात (प्रकलाबाहेरील जीवद्रव्यात) येते व २० ते ३० नॅनोमीटर व्यासाच्या रिबोसोमांवर तिच्यानुसार प्रथिने गुंफली जातात. काही रिबोसोम मोकळे असतात, तर काही पटलांच्या जाळ्याला म्हणजे आंतर्द्रव्य जालिकेला चिकटलेले असतात. कोशिकेबाहेर जाणारी प्रथिने या जालिकेतून गॉल्जी पिंडाकडे जातात. तेथे त्यांवर अखेरचे संस्कार होऊन ती पुटिकांत भरली जातात. म्हशीच्या कासेतील कोशिकांत दुधातील केसीन हे प्रथिन याच मार्गाने बनते व स्रवते. वनस्पतींत भित्तीचे पेक्टिनासारखे घटक गॉल्जी पिंडांतून पुरविले जातात.

लयकारिका : या पुटिकांत पाचक एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांची गती वाढविणारी प्रथिने) असतात. निकामी झालेली कोशिकांगके व बाहेरून आलेले कण त्या पचवितात. अळीचे पतंगात रूपांतर होताना कोषावस्थेत अळीची अनेक ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) याच प्रक्रियेने विरघळतात व त्यांच्या द्रव्यातून पतंगाचे अवयव घडतात.

कलकणू (तंतुकणिका) : वनस्पती व प्राणी या दोहोंच्या कोशिकांत आढळणाऱ्या या दुहेरी पटलाच्या कोशिकांगकांत शर्करेचे ऑक्सिडीभवन होऊन ऊर्जा मुक्त होते. ती एटीपी या संयुगात साठविली जाते. कलकणूंना स्वतःचे थोडे जनुकद्रव्य असते व ते बहुधा मातेकडूनच पुढील पिढीस मिळते. प्राचीन काळी मोठ्या कोशिकेत शिरलेल्या सूक्ष्मजंतूंपासून कलकणू व हरितकणू निर्माण झाले असावेत, ही उपपत्ती लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये पुराव्यांसह मांडली व आता ती सर्वमान्य आहे. या मातृ-आनुवंशिकतेचा व्यावहारिक उपयोग तुरीत झाला आहे. रानटी तुरीचे परिकल असलेल्या काही झाडांत पराग वंध्य राहतात. ती मादी म्हणून वापरल्यास फुले हाताने खुडण्याची गरज न पडता संकरित बी मिळते. या तत्त्वावर पाटणचेरू (हैदराबादजवळ) येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने तयार केलेला ‘आयसीपीएच २६७१’ हा वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात लागवडीसाठी प्रसारित झाला.

हरितकणू (हरितलवके) : हिरव्या वनस्पतींच्या कोशिकांतील या ५ ते १० मायक्रोमीटर लांबीच्या कोशिकांगकांत हरितद्रव्य असते व सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून शर्करा तयार होते [⟶ प्रकाशसंश्लेषण]. प्राण्यांत ती नसतात. म्हणून प्राणी अन्नासाठी वनस्पतींवर अवलंबून आहेत. काही ॲमिनो अम्लेही हरितकणूंतच तयार होतात. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमॅझेथापायर हे तणनाशक तेथील एका एंझाइमाला रोखते. ॲमिनो अम्लांच्या अभावी तणाची वाढ खुंटते, तर सोयाबीनची कोशिका त्या रसायनाचे झपाट्याने विघटन करीत असल्याने तगून राहते. हे एंझाइम प्राणिकोशिकेत नसते.

तांबड्या कोशिका : सस्तन प्राण्यांच्या रक्तातील पक्व तांबड्या कोशिकांत प्रकल व कलकणू नसतात. हीमोग्लोबिनासाठी अधिक जागा मिळावी म्हणून त्यांनी कोशिकांगके टाकून दिलेली असतात. परिणामी हीमोग्लोबिनात दोष असल्यास तो दुरुस्त करण्याचे साधन त्या कोशिकेजवळ उरत नाही. विदर्भातील काही समाजांत आढळणारा सिकल सेल (विळ्याच्या आकाराच्या कोशिकांचा) रक्तक्षय असाच आहे. हीमोग्लोबिनाच्या एका साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते व ऑक्सिजन कमी पडला की कोशिका विळ्यासारखी वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. त्यामुळे विवाहापूर्वी रक्ततपासणी महत्त्वाची ठरते. या रोगाच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू करण्यात आले.

वनस्पतिकोशिका व प्राणिकोशिका यांचा सामना : बीटी कपाशी हे दोन्ही प्रकारच्या कोशिकांचे कार्य एकत्र पाहण्याचे उत्तम उदाहरण होय. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मृदेतील सूक्ष्मजंतूचे जनुक कपाशीच्या प्रकलात घातल्यामुळे तिच्या रिबोसोमांवर त्या सूक्ष्मजंतूचे विषारी प्रथिन तयार होते. भारतात एका जनुकाच्या बीटी कपाशीस २००२ मध्ये व दोन जनुकांच्या कपाशीस २००६ मध्ये लागवडीची परवानगी मिळाली. दुसऱ्या जनुकाचे प्रथिन हरितकणूंकडे पाठविले जाईल, अशी योजना त्यात आहे. अळीने पान किंवा बोंड खाल्ले की तिच्या आतड्यातील क्षारधर्मी रसात हे प्रथिन कार्यक्षम होते, तेथील कोशिकांच्या पटलावरील विशिष्ट प्रथिनांना चिकटते व पटलाला छिद्रे पाडते. लवणे व पाणी आत शिरून कोशिका फुगतात, फुटतात व अळी मरते. माणसाच्या जठरातील रस अम्लधर्मी असून त्याच्या आतड्यातील कोशिकांवर अशी ग्राहक प्रथिने नसल्याने त्याला हे प्रथिन अपाय करीत नाही.

संपूर्ण विषबाधा पटलावरील या एका जोडावर अवलंबून असल्याने तो जोड बदलला की अळी वाचते. गुलाबी बोंडअळीत नेमके हेच घडले. पहिल्या प्रथिनाला ज्या ग्राहकाची गरज असते, त्या कॅडहेरिनाच्या जनुकात व दुसऱ्या प्रथिनाशी संबंधित अशा एका पटल-वाहकाच्या जनुकात बिघाड असलेल्या अळ्या टिकल्या व वाढल्या. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिकारशक्ती जाहीर झाली. पुढे दुसरे प्रथिनही निष्प्रभ ठरले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भासह महाराष्ट्रातील कपाशीची मोठी हानी झाली. ही अळी बोंडात शिरून राहत असल्याने फवारणीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे तिचे जीवनचक्र तोडणे हाच मुख्य उपाय उरतो : फरदड (वेचणी संपल्यावर पुन्हा पाणी देऊन वाढविलेले पीक) न घेणे, पऱ्हाट्या वेळेवर उपटून नष्ट करणे, हंगामपूर्व पेरणी टाळणे, कामगंध सापळ्यांनी पतंगांवर नजर ठेवणे आणि डोमकळ्या (न उमललेली, किडलेली फुले) वेचून नष्ट करणे. बीटी नसलेल्या कपाशीच्या आश्रय-ओळी लावण्यामागेही हाच विचार आहे. त्यांवर वाढलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या पतंगांशी संकर झाल्यास संततीतील बहुतेक अळ्या पुन्हा त्या प्रथिनाला बळी पडतात. या ओळी न लावणे म्हणजे कोशिकापटलातील त्या बदलाला मोकळे रान देणे होय.

वनस्पती व प्राणी यांच्या कोशिकांत भित्ती, हरितकणू, मोठी रिक्तिका व तारककेंद्रे यांबाबत भेद असले, तरी पटल, प्रकल, रिबोसोम व कलकणू यांची मूलभूत रचना समान आहे. या भेदांमुळेच तणनाशक तणाला मारून गुराला वाचविते. शेती व वैद्यक यांतील उपाय शोधताना या साम्य-भेदांचे ज्ञान उपयोगी पडते.