दूरस्थ फाइल सत्वर कशी उघडावी

वणी तालुक्यातील राजूरसारख्या गावी शाळेच्या संगणकावर दूरच्या भांडारातील फाइल उघडण्यास विलंब लागला की, सारा दोष इंटरनेटच्या मंद वेगावर ठेवण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी यथार्थ नव्हे. एका सेकंदात किती मजकूर वाहून येतो ही एक गोष्ट. विचारणा जाऊन तिचे उत्तर परत येण्यास किती काळ लागतो ही दुसरी. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो आणि वाटेतील यंत्रे त्यात आपला विलंब मिळवितात. अधिक पैसे भरून पहिली गोष्ट सुधारते, दुसरी फारशी सुधारत नाही.

समजा, एका फेरीस 50 मिलिसेकंद लागतात. 400 लहान फाइली एकामागून एक मागविल्या, तर प्रत्येकीस एकच फेरी धरूनही 20 सेकंद नुसत्या प्रतीक्षेत जातात. वस्तुतः नाव शोधणे, परवानगी तपासणे, उघडणे, वाचणे अशा अनेक फेऱ्या होतात. त्याच फाइली एका झिप गठ्ठ्यात बांधून आणल्यास बहुतेक फेऱ्या वाचतात. राजूरच्या खाणीतील कोळसा एकेक ढेकूळ उचलून वणीस कोणी नेत नाही!

दुसरा उपाय जवळ प्रत राखण्याचा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात 1980 नंतरच्या दशकात ‘अँड्र्यू’ नावाची फाइलव्यवस्था उभारण्यात आली. तीत संपूर्ण फाइल वापरणाऱ्याच्या यंत्रावर उतरवीत, आणि मूळ फाइल बदलली की भांडारच त्या यंत्राला तसे कळवी. 2017 साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’वरील पाठही एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून वर्गात दाखविता येतात.

मात्र पाठाची प्रत आणि पटाची प्रत यांत भेद आहे. पाठ क्वचितच बदलतो. पट बदलत राहतो. भांडाराकडून कळविण्याची सोय नसेल आणि दोन शिक्षकांनी आपापल्या प्रतीत निरनिराळी नावे भरून त्या परत पाठविल्या, तर मागाहून आलेली प्रत आधीचीवर बसते व एखाद्या विद्यार्थ्याचे नाव निमूटपणे गळते. शिष्यवृत्तीच्या वेळी ते उघडकीस येते. म्हणून पटाची यादी एकाच्याच हाती असावी आणि भरण्यापूर्वी ताजी प्रत मागवावी. काही व्यवस्था मजकूर भांडारात पोचण्यापूर्वीच ‘जतन झाले’ असे दर्शवितात. तेव्हा समक्रमण पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत संगणक बंद करू नये.