मुलांचे भावनिक समायोजन : तुळजापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत भावनांचे समायोजन व ताणतणावांचे समायोजन यांचा समावेश आहे. आपल्या घरांत व शाळांत मात्र हे शिक्षण बहुधा 'रडू नकोस', 'भित्रा कुठला' एवढ्यावरच संपते. भावना दडपणे आणि भावना हाताळणे या भिन्न गोष्टी होत, हे प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्यातील दोन संदर्भांच्या आधारे स्पष्ट केले आहे.

भूकंप आणि भीती :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. संकट झोपेत कोसळले की मुलाच्या मनात अंधार, छप्पर व झोप यांचे धोक्याशी नाते जडू शकते. असे मूल रात्री घरात झोपण्यास नकार देते, तो हट्ट नसून भीती असते. भीतीच्या क्षणी छाती धडधडते, श्वास जलद होतो आणि विचारशक्ती क्षीण होते. म्हणून त्या वेळी केलेला उपदेश व्यर्थ ठरतो.

यावरून कौशल्यांचा क्रम ठरतो. प्रथम शरीर शांत करावे : मोठ्यांनी जवळ बसावे व मुलासह सावकाश, लांब उच्छ्वास सोडावा. नंतर भावनेला नाव द्यावे. भावनेला शब्द दिल्याने मेंदूतील भयकेंद्राची सक्रियता घटते, असे २००७ मध्ये लिबरमन व सहकाऱ्यांना प्रौढांवरील प्रयोगात आढळले. अखेरीस छोटी, साध्य कृती सुचवावी. नियमित दिनक्रमही मनाला आधार देतो. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांच्या निवासाची व शिक्षणाची सोय पुण्यात केली. अशा प्रसंगी शाळेची घंटा, जेवणाची वेळ व सवंगडी यांचे मोल पाठ्यपुस्तकाहून कमी नसते.

वियोग आणि राग :
जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलाचे दुःख पुष्कळदा रागाच्या रूपाने प्रकटते. तुळजापूर परिसरातील शिक्षकांनी शिक्षा करण्यापूर्वी 'आईची आठवण येते का?' असे एकान्तात विचारावे. 'उद्या येईल' अशी खोटी समजूत घालू नये. त्याने विश्वास ढळतो. दिनदर्शिकेवर दिवस मोजणे, ठरलेल्या वेळी दूरध्वनीवर बोलणे व मनातले चित्रातून मांडणे हे उपाय अल्पखर्चिक आहेत.

मर्यादा :
कौशल्ये दुःखाचे कारण नाहीसे करीत नाहीत. मूल अनेक आठवडे झोपत-जेवत नसल्यास किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा बोलत असल्यास तज्ज्ञांचे साहाय्य विनाविलंब घ्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

समारोप :
मूल सांगितल्यापेक्षा पाहिलेले अधिक शिकते. राग आल्यावर क्षणभर थांबणारे शिक्षक आणि 'मलाही भीती वाटली होती' असे सांगणारे पालक हेच या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक होय.