विमान एक तासाचं, प्रवास किती तासांचा?

आज माळशिरसमध्ये बसूनच आपण एक हिशेब करू. २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईला विमान सुरू झालं. तेव्हापासून एक प्रश्न पडतो: पेशंटला मुंबईच्या दवाखान्यात न्यायचंय, तर विमानानं न्यावं का? तिकिटावर तर प्रवास साधारण तासाभराचाच दिसतो.

आधी अंतर मोजू. गाडीरस्त्यानं सोलापूर ते मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. विमानाला ना घाट, ना वळण. मग हवाई अंतर कसं काढायचं? नकाशा घ्या. सोलापूरच्या विमानतळापासून मुंबईचा विमानतळ उत्तरेला दीड अंशापेक्षा किंचित कमी आणि पश्चिमेला तीन अंशांहून थोडा जास्त. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, रेखांशाचा आपल्या भागात १०६ च्या आसपास. म्हणजे उत्तरेला १६२, पश्चिमेला ३२५. शाळेत शिकलो तसा काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला, की उत्तर येतं सुमारे ३६० किलोमीटर.

ताशी ७५० किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला एवढं अंतर अर्ध्या तासात कापता यावं. मग तिकिटावर एक तास का? कारण ही वेळ विमान सोलापुरात जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, मुंबईच्या गर्दीत आपला नंबर लागणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. अंतर कमी असलं, की पूर्ण वेगानं उडायला वेळच थोडा मिळतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. मुंबई आपल्या पश्चिमेला आणि सोलापूर पूर्वेला. पंढरपूरमार्गे सोलापूरला पोचायला अडीच तास धरा. तपासणीसाठी तासभर आधी हजर राहायचं. विमानाचा एक तास, मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. झाले पाच तास. गंमत म्हणजे सोलापूर–मुंबई सरळ रेषा इंदापूरजवळून जाते, म्हणजे आपल्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरून! अडीच तास उलटं जायचं आणि परत आपल्याच भागावरून उडायचं. उलट पुण्यावरून थेट गाडीनं मुंबई सुमारे ३०० किलोमीटर, सहा तासांची. वाचला एक तास, तोही विमान वेळेवर सुटलं तर. शिवाय पेशंटला दोनदा गाडी बदलावी लागते, ते वेगळंच.

मग हे विमान बिनकामाचं का? अजिबात नाही. सोलापूर शहरातल्या माणसाला गाडीनं सात-आठ तास लागतात, विमानानं तो घरापासून तीन तासांत मुंबईच्या विमानतळाबाहेर असतो. विमान तेच, तिकीट तेच, पण फायदा घर कुठं आहे त्यावर ठरतो.

म्हणून तिकिटावरची वेळ पाहून निर्णय घेऊ नका. दारापासून दारापर्यंतची वेळ कागदावर मांडा, आणि मगच तिकीट काढा.