उसातलं घर

सप्टेंबरमध्ये फेल्डहोवनच्या बाहेर सायकलने गेलात, तर रस्त्याकडेला मका उभा दिसतो. तुमच्यापेक्षाही उंच! आत चार पावलांवर कोणी बसलं असेल, तरी बाहेरून कळत नाही.

आता मक्याच्या जागी ऊस आहे असं समजा. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात अशाच उसात बिबट्याची मादी पिल्लांना जन्म देते. लांडगीण जमिनीत बीळ करते. (तुमच्याकडच्या फेलुवे जंगलात २०१९ मध्ये लांडग्यांची पिल्लं जन्मली, सुमारे दीडशे वर्षांनी!) बिबट्याची मादी मात्र काही खणत नाही. तिला फक्त आडोसा, म्हणजे लपायची जागा लागते.

"बिबट्या तर जंगलात राहतो ना?" शाळेत असताना मलाही तसंच वाटायचं. पण ऊस शेतात वर्षभर, कधी दीड वर्षसुद्धा उभा असतो. सावली आहे, पाणी आहे, आणि खायला गावातली कुत्री आहेत. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतवाटांवर कॅमेरे लावले. समोरून प्राणी गेला की फोटो आपोआप निघतो. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, त्यामुळे मोजता येतं. १०० चौरस किलोमीटरमध्ये साधारण पाच मोठे बिबटे निघाले, तेही माणसांच्या वस्तीत!

खरी अडचण ऊसतोडीत येते. ऊसतोड म्हणजे ऊस कापायचं काम. कोयता चालता चालता अचानक पाचटात, म्हणजे वाळलेल्या पानांत, बछडे दिसतात. आई कुठेच नसते. बघणाऱ्याला वाटतं, बिचारी पोरकी झाली. पण आई बहुतेक वेळा जवळपासच लपलेली असते, अंधार पडायची वाट बघत.

म्हणून बछडे जिथे सापडले तिथेच परत ठेवायचे. आई त्यांना तिथेच शोधते. तेवढ्या भागातली तोड थांबवावी लागते, आणि हे सोपं नाही. कामगारांना मजुरी टनावर मिळते, काम थांबलं की पैसे बुडतात. तरीही अनेक ठिकाणी लोक थांबतात.

वनविभागाची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर येतात. बछडे तपासतात. संध्याकाळी त्यांना क्रेटमध्ये ठेवून, कॅमेरा लावून, सगळे लांब जातात. रात्री आई येते. एका बछड्याला मानेला धरून उचलते, उसात नाहीशी होते, आणि थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते.